फोटोंचा क्रमही गोष्ट सांगतो

वर कुणीतरी म्हटलंय की माहितीपर छायाचित्रण म्हणजे समोर दिसलं ते टिपणं, त्यात कलाकाराचं स्वतःचं असं काय? मला हे पटत नाही, आणि त्याचं कारण छायाचित्रकार दयानिता सिंग. त्यांचं 'फाइल रूम' (2013) हे पुस्तक मिळालं तर जरूर बघा. कृष्णधवल फोटो, विषय काय तर सरकारी दप्तरखाने. कापडात बांधलेली गाठोडी, फडताळात छतापर्यंत रचलेली. एकेक गाठ निरखून बघा, प्रत्येक हाताची गाठ वेगळी असते. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले 'रुमाल' (कापडात बांधलेले जुन्या कागदांचे गठ्ठे) ज्यांना माहीत आहेत, त्यांना ते कापड लगेच ओळखीचं वाटेल. एकटा फोटो पाहिला तर ती नुसती नोंद. पण अशी पानामागून पान लागली की कागद जिवापाड सांभाळणाऱ्या माणसांची गोष्ट उभी राहते, माणूस चौकटीत नसला तरी!

त्यांचं 'म्युझियम भवन' (2017) तर याच्याही पुढे जातं. एका पेटीत नऊ छोटी घडीची पुस्तकं. उलगडून टेबलावर उभी केली की घरातच प्रदर्शन. कुठलं कुणाशेजारी ठेवायचं ते आपण ठरवायचं, आणि शेजार बदलला की त्याच फोटोचा अर्थ बदलतो. 2022 मध्ये त्यांना छायाचित्रणातला हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला तेव्हा मला फार आनंद झाला होता.

म्हणून विनंती, इथे फोटो टाकताना एकेक सुटा टाकण्यापेक्षा पाच-सहा नीट लावून टाका. क्रमावरही बोलू.