डक्टमधून वर येणारा धूर

बी ४०४: नमस्कार, परत लिहावं लागतंय. सकाळी सहाला बाथरूमचं दार उघडलं की सिगारेटचा भपकारा. मला सातवा महिना चालूये. काल पाऊस म्हणून बाळाची दुपटी आत दोरीवर वाळत घातली, घडी करताना नाकाशी नेली तर धुराचा वास, सगळी परत धुतली. नाव घेत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

बी ३०४: घ्या की नाव. मी माझ्या घरात ओढतो, लिफ्टमध्ये नाही, जिन्यात नाही. मागे तुम्हीच बाल्कनीत नको म्हणालात म्हणून आत गेलो.

बी ४०४ (मिस्टर): काका डक्ट एकच आहे. तुमचा एक्झॉस्ट धूर डक्टमध्ये ढकलतो तो वर आमच्या झडपेतून आत येतो.

सेक्रेटरी: कृपया ग्रुपवर नको, रविवारी मीटिंगमध्ये बोलू 🙏

ए २०१: जिन्यात नाही म्हणे, मग कुंडीतली थोटकं कोणाची?

बी ३०४: चिरंजीवांना विचारा

ए २०१: काका तोंड सांभाळून बोला

बी १०२: डक्टलाच मेंटेनन्स लावा 😂

बी ४०४: प्लीज हसण्यावारी नेऊ नका

बी ३०४: आमच्या वेळी ऑफिसात घरात सगळीकडे धूर असायचा, दोन्ही मुलं ठणठणीत आहेत. एवढंच असेल तर झडप बंद ठेवा.

बी ४०४ (मिस्टर): झडप बंद केली तरी फटीतून येतो. डक्ट एकच आहे!!

बी ५०१ काकू: मी प्रसूती विभागात नोकरी केलीये म्हणून बोलते. तुम्ही ओढता तो धूर निदान फिल्टरमधून जातो, हातात नुसती जळत असते त्या टोकाचा गाळल्याशिवायच हवेत पसरतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून घट्ट चिकटतो, मग बाळाला ऑक्सिजन कमी पडतो, आणि निकोटीन वारेतून (प्लासेंटातून) थेट बाळापर्यंत जातं. वजन कमी भरू शकतं, दिवस भरायच्या आधी बाळंत होण्याची भीती वाढते. प्रत्येकीला होतंच असं नाही, तुमची मुलं चांगली आहेत आनंदच आहे, पण हिच्या बाळाचं नशिबावर का सोडायचं?

सी १०१: लिफ्टच्या लाइटचं कोण बघतंय?? तीन दिवस झाले

सेक्रेटरी: कृपया ग्रुपवर नको, रविवारी मीटिंगमध्ये बोलू 🙏

बी ३०४: इतकं कोणी सांगितलं नव्हतं. दिवसा खाली जाईन, सकाळची एक तेवढी राहू द्या, गुडघे धरलेले असतात.

बी ४०४: काका एक पण नको. डॉक्टर म्हणाल्या थोडा धूर चालतो असं काही नसतंच. बाळ झाल्यावरही त्याला धुरात ठेवलं तर झोपेत अचानक दगावण्याचा धोका वाढतो. मला रात्री झोप लागत नाहीये हो.

बी ४०४ (मिस्टर): 👆 आणि डक्ट एकच आहे

बी ५०१ काकू: अहो डक्टचं सांगून झालं आता, पुरे. भाऊजी, सोडायची असेल तर गोळ्या असतात, डॉक्टरांकडे मी येते सोबत.

बी ३०४: बघू. उद्यापासून सकाळची पण गेटबाहेर. कुंडीतली थोटकं माझी नाहीत, हे मात्र लिहून ठेवा.