मागच्या बाकांवरील खासदारांचे वजन
ब्रिटिश संसदेतील मागच्या बाकांवरचे, म्हणजे मंत्रिपद किंवा पक्षातील प्रमुख पद नसलेले, खासदार केवळ व्हिपच्या (पक्षाची मतदानातील शिस्त राखणाऱ्या पदाधिकाऱ्याच्या) आदेशानुसार मतदान करतात, असे एक मत आहे; ते मला अपुरे वाटते. १९६७ चा गर्भपात कायदा डेव्हिड स्टील या तरुण लिबरल खासदाराच्या खासगी (सरकारने नव्हे, खासदाराने स्वतः मांडलेल्या) विधेयकातून आला. अर्थात, मजूर सरकारने चर्चेला जादा वेळ दिला नसता तर ते विधेयक बारगळले असते. बंडखोरीला मात्र अशा मेहेरबानीची गरज नसते. २९ ऑगस्ट २०१३ रोजी सीरियातील लष्करी कारवाईविषयीचा सरकारी प्रस्ताव २८५ विरुद्ध २७२ मतांनी फेटाळला गेला, तेव्हा सत्ताधारी हुजूर पक्षाच्याच ३० खासदारांनी, माझ्या मते मोठ्या धैर्याने, विरोधात मत दिले आणि पंतप्रधान कॅमेरन यांना कारवाईचा विचार सोडावा लागला.