वयस्कर पोहणाऱ्यांना पाण्यातून बोटीत परत कसं चढवायचं? हतनूर बॅकवॉटर, जुनी स्की बोट

तापीकाठची_लेक
नमस्कार मंडळी, आम्ही भुसावळचे. माझे वडील, आप्पा म्हणतो आम्ही, वय ७१, रेल्वेतून रिटायर, आणि त्यांचा सकाळी पोहणाऱ्यांचा एक ग्रुप आहे, सगळे साठी-सत्तरीचे, बहुतेक जण लहानपणी तापीतच पोहायला शिकलेले. पावसाळा संपून पाणी निवळलं की हे लोक तापीवरच्या हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला जातात. यंदा ग्रुपमधल्या एका काकांच्या मुलाने मुंबईकडून एक जुनी स्की बोट आणली, पाण्यावर स्कीइंग करणाऱ्याला दोरीने ओढतात ती, बुटकी, फायबरची, मागे पाण्याला लागून फळीचा प्लॅटफॉर्म असलेली. परवानगीचं सगळं त्यांनी रीतसर केलंय, तो प्रश्न नाही. बोट सोबत असते म्हणून आम्ही घरचे पण निर्धास्त.

अडचण पोहून झाल्यावर येते. प्लॅटफॉर्मला हात पोचतो पण पाय आपोआप बोटीच्या खाली जातात, मग माणूस लटकत राहतो, जोर लावायला खाली काहीच नाही. एक दोरीची शिडी आणलीय ती पण पाय ठेवला की आत बोटीखाली सरकते. शेवटी वरची पोरं दोन्ही हात धरून खेचून घेतात. गेल्या रविवारी एका काकांना असंच खेचलं, ते काही बोलले नाहीत पण नंतर चहाचा कप डाव्या हाताने धरत होते आणि उजवा हात वर जात नव्हता. ग्रुपमध्ये एक काकू आहेत, गुडघा बदललेला, त्या तर आता बोटीपासून लांब पोहायलाच घाबरतात.

शिडी कोणती लावावी, वर घ्यायची नीट पद्धत काय, कोणी केलं असेल तर सांगा. पोहणं बंद करा हे उत्तर कृपया नको. आप्पा दिवसभर घरात गप्प असतात, पाण्यातून आले की दुपारपर्यंत बोलत असतात.

खलाशी_चाळीसगाव
ताई, शिडीच्या आधी इंजिनाचं बोलतो कारण मी जहाजावर नोकरी केलेली आहे आणि हे पहिलं सांगितल्याशिवाय पुढचं सांगणं मला बरोबर वाटत नाही. माणूस बोटीच्या जवळ यायच्या आधी इंजिन पूर्ण बंद, न्यूट्रलमध्ये ठेवलंय म्हणजे बंद नाही, न्यूट्रलमध्येही बोट ढकलणारा पाण्याखालचा पंखा हळू फिरू शकतो आणि कुणाचा हात किंवा गुडघा लिव्हरला लागला की संपलं. चावी काढायची आणि शिडीजवळ उभा असेल त्याच्या हातात द्यायची, म्हणजे वर येणाऱ्यालाही दिसतं की चावी इथे आहे. तुमच्या बोटीचा पंखा कुठे आहे ते पण बघून घ्या. काही स्की बोटींचं इंजिन मध्यभागी असतं आणि पंखा बोटीच्या पोटाखाली, बाकीच्यांचा अगदी मागे प्लॅटफॉर्मच्या बुडाशी. जिथे पाय बोटीखाली जातात म्हणताय तिथेच तो आहे हे डोक्यात ठेवा.

दुसरं, धूर. या बोटींचा एक्झॉस्ट मागेच, पाण्याच्या पातळीला सुटतो आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, ज्याला ना रंग ना वास. इंजिन चालू ठेवून कोणी प्लॅटफॉर्मला धरून गप्पा मारत थांबलं तर डोकं जड होतं, गरगरतं, मळमळतं, आणि म्हाताऱ्या माणसाचं हे झालं की सगळे म्हणतात दमले असतील. तर प्लॅटफॉर्मवर बसणं, धरून तरंगणं, सगळं इंजिन बंद करूनच, आणि बंद केल्यावरही थोडा वेळ हवा मोकळी होऊ द्या.

बोट जवळ आणताना वाऱ्याच्या तोंडावर आणा, हळू, पोहणारा चालवणाऱ्याच्या बाजूला दिसत राहील अशी, आणि थोडं अलीकडेच थांबून तरंगणारी दोरी फेका, त्याला दोरीने प्लॅटफॉर्मकडे घ्या. आणि वर बसलेल्या सगळ्यांनी बघायला मागे गर्दी करायची नाही. जुन्या स्की बोटीची मागची बाजू बुटकी असते, चार जण मागे आले की पाणी आत यायला वेळ लागत नाही. मदतीला एक किंवा दोन मागे, बाकीचे पुढे बसून.

शेंदुर्णीचा_भाऊ
एवढं कशाला, दोन दणकट पोरं पाण्यात उतरवायची खालून ढकलायला आणि दोन वरून, एका मिनिटात माणूस वर. आम्ही वाघूरला असंच करतो.

फिजिओ_धुळे
भाऊ तुमचा हेतू चांगला आहे पण हे कृपया करू नका, मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि असे खांदे माझ्याकडे येतात. साठीनंतर खांद्याचे स्नायूबंध आधीच झिजलेले असतात, हात डोक्याच्या वर ताणलेला, खाली अख्ख्या ओल्या अंगाचं वजन आणि वरून झटका, याने ते फाटतात किंवा खांदा निखळतो. ताई, त्या काकांना हात वर नेता येत नसेल तर वाट बघू नका, ऑर्थोपेडिकला दाखवा, लवकर दाखवलं तर खूप फरक पडतो.

धरायचंच असेल तर लाइफ जॅकेटच्या खांद्यावरच्या पट्ट्यांना धरा, हाताला किंवा मनगटाला नाही. जॅकेट नीट आवळलेलं पाहिजे नाहीतर जॅकेट वर येतं आणि माणूस खाली राहतो. छातीवर फुगीर असलेलं जॅकेट चढताना प्लॅटफॉर्मला अडतं म्हणून स्कीइंगवाले घालतात तसं चपटं जॅकेट या कामाला जास्त बरं.

ज्यांचे खांदे ठीक आहेत त्यांच्यासाठी एक युक्ती आहे. प्लॅटफॉर्म दोन्ही हातांनी धरायचा, हात सरळ ठेवायचे, आणि मागे पाय मारत राहायचं, पोहताना मारतो तसे, म्हणजे शरीर पाण्यावर आडवं येतं आणि पाय बोटीखाली जात नाहीत. मग एका किकबरोबर पोट प्लॅटफॉर्मवर घ्यायचं. तुमचे सगळे जुने पोहणारे आहेत, पाय मारणं त्यांना येतंच, अर्ध्यांना एवढ्यानेच जमेल.

गुडघेवाल्या काकूंना हे सांगू नका. त्यांना शिडीच पाहिजे आणि चढताना चांगला पाय आधी वरच्या पायरीवर, मग दुखरा त्याच्या शेजारी, एका वेळी एकच पायरी. प्लॅटफॉर्मवर गुडघे टेकवून रांगायला लावू नका, बदललेल्या गुडघ्यावर टेकणं बहुतेकांना सहन होत नाही. वर आल्या की वळून बसायचं, पाय पाण्यात सोडून.

आणि बसायचं म्हणजे खरंच बसायचं, लगेच उभं करायचं नाही. पाण्यात असताना पाण्याचा दाब पायातलं रक्त वर ढकलत असतो, बाहेर आल्याबरोबर तो दाब जातो आणि रक्त पायात उतरतं, बीपीच्या गोळ्या चालू असतील तर चक्कर येऊन परत पाण्यात पडायची भीती. पाच मिनिटं बसा, टॉवेल, दोन घोट पाणी, मग उठा. डिसेंबर-जानेवारीत तर जास्तच जपा, आपल्याकडे पहाटे पारा १० च्या खाली येतो, बोटं बधिर झालेली असतात आणि पकड सुटते, पण माणसाला वाटत असतं आपण घट्ट धरलंय.

एमआयडीसी_फॅब
शिडीचं मी सांगतो, आपलं जळगाव एमआयडीसीत स्टेनलेसचं काम आहे. दोरीची शिडी काढून टाका, ती बोटीखाली सरकणारच. कडक शिडी पाहिजे, प्लॅटफॉर्मला बोल्ट केलेली, खाली उघडणारी. अमेरिकेत बोटींचे मापदंड ठरवणारी एबीवायसी म्हणून संस्था आहे, त्यांच्या मापात सगळ्यात खालची पायरी बोट शांत उभी असताना पाण्याखाली किमान २२ इंच पाहिजे. ते किमान झालं. सत्तरीच्या माणसासाठी मी अडीच-तीन फूट खाली नेईन कारण गुडघा जितका कमी वाकवावा लागेल तितकं चढणं सोपं, म्हणजे पाण्याखालीच तीन पायऱ्या येतात, साधारण फुटाफुटाच्या अंतराने.

पायरी गोल पाइपची नको, अनवाणी पायाला टोचते आणि घसरते, दोन-अडीच इंच रुंद चपटी पट्टी घ्या, वर खरखरीत रबर. गोड्या पाण्याला ३०४ ग्रेड पुरतं, समुद्रासाठी ३१६ लागतं तो खर्च करू नका. फायबरमध्ये नुसते स्क्रू मारू नका ओ, आरपार बोल्ट, आतून मोठी प्लेट, भोकांना सीलंट. आणि आधी प्लॅटफॉर्मचे स्वतःचे ब्रॅकेट तपासा, जुन्या बोटीत लाकूड आतून कुजलेलं असतं, शिडी मजबूत आणि प्लॅटफॉर्मच हातात आला असं नको.

सगळ्यात जास्त विसरतात ती गोष्ट म्हणजे वरचा दांडा. शिडी संपते तिथे हाताला काय धरायचं? प्लॅटफॉर्म गुळगुळीत असतो. बोटीच्या मागच्या कडेला दोन दांडे बसवा, हात पुढे केला की सापडतील असे, नाहीतर शेवटच्या पायरीवर माणूस परत तुमच्या पोरांचाच हात मागणार. मे महिन्यात जात असाल तर चढायच्या आधी शिडीवर आणि दांड्यावर पाणी मारा, चटका बसून हात सुटतो.

शिडी होईपर्यंत तात्पुरतं म्हणून जाड दोरीचा फास करा आणि तळाला दोरी फूटभर पीव्हीसी पाइपातून ओवा, म्हणजे फास उघडा राहतो आणि पायाला कापत नाही. तो पण थोडा आत सरकतो पण हात धरून खेचण्यापेक्षा कधीही बरा. पाइपला जळगावात काय तोटा!

प्रकाशाकर
बठ्ठं बराबर से भाऊस्वन. पण मी नंदुरबारकडचा, घरात मासेमारी, आमच्या इकडे दमलेल्या माणसाला खोल पाण्यात बोटीत चढवायची घाईच करत नाहीत. त्याला तरंगायला काहीतरी देतात, बोटीतला एक जण वल्ह्याने हळूहळू काठाकडे नेतो आणि उथळ पाण्यात तो चालत बाहेर येतो. काठ जवळ असेल तर हेच सगळ्यात सोपं.

फक्त काठ आधी बघून ठेवा. हतनूरला गाळ खूप साचलाय, चांगदेवकडे पूर्णा मिळते त्या बाजूलाही, आणि त्या काळ्या गाळात पाय मांडीपर्यंत रुतला की उथळ पाण्यातही म्हातारा माणूस निघत नाही. मुरमाड किंवा दगडाचा उतार शोधा, काठी टोचून बघा, आणि तिथून गाडीरस्ता किती लांब आहे ते पण, कारण १०८ बोलवली तर ती कुठल्या काठाला येणार हे आधी ठरलेलं पाहिजे. पाण्यात बुडालेल्या बाभळी असतात त्यांच्यापासून लांब. पानवेली असेल तिथे पोहायलाच नको, पाय अडकतात. आणि वर पाऊस झाला, दरवाजे उघडायची बातमी आली तर त्या आठवड्यात पाण्यात पाय नाही. ४१ दरवाजे आहेत त्याचे, ओढ कशी असते ते तुम्हा भुसावळवाल्यांना मी काय सांगू.

तापीकाठची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार, आप्पांना सगळं वाचून दाखवलं. इंजिन न्यूट्रलमध्येच ठेवत होते सगळे, ते ऐकून ज्यांची बोट आहे तो दादा हादरला, आता चावी आप्पांच्या मित्रांकडे. काकांना डॉक्टरकडे नेतायत उद्या. शिडीचं माप घ्यायला शनिवारी बोट काठाला आणणार आहोत.

एकच राहिलं. समजा कोणी इतकं दमलं की शिडीवर पायच टाकता येत नाही, आणि काठ लांब आहे, तर?

खलाशी_चाळीसगाव
त्याला झोळी. बोटीच्या लांबीला पाचेक फूट, रुंदीला सहा-सात फूट असं मजबूत जाळं, एक कड बोटीच्या काठाला आतून पक्की बांधलेली, दुसऱ्या कडेला दोन दोऱ्या. जाळं पाण्यात सोडायचं, माणसाला बोटीला समांतर आडवं त्यात घ्यायचं आणि दोघांनी दोऱ्या ओढायच्या, माणूस लोळत वर येतो, ओढणाऱ्याला वजन निम्मंच लागतं आणि तो आडवाच राहतो, जे दमलेल्या माणसाच्या हृदयाला चांगलं. कापसाच्या ताडपत्रीने करू नका, तिच्यात पाणी साठून वजन दुप्पट होतं, जाळंच पाहिजे. चेहरा वर, एक जण डोकं सांभाळायला. हे बुटक्या बोटीवर बाजूने होतं, पण ओढताना बोट कलते म्हणून बाकीच्यांनी समोरच्या बाजूला बसायचं.

आणि गरज पडायच्या आधी सराव करा, कंबरभर पाण्यात, एखाद्या तरुण पोराला झोळीत घालून. आप्पांनाच दोरी ओढायला लावा.

फिजिओ_धुळे
एक भर. झोळीने आलेल्या माणसाला बसवू पण नका, आडवंच ठेवा, ओले कपडे काढून कोरडं पांघरूण, आणि तो म्हणाला मी बरा आहे तरी १०८ ला फोन करा. या वयाची माणसं बरा आहे असंच म्हणतात. पाण्यात असताना पण त्यांना दमलात का असं विचारू नका, नाही म्हणतील. बोटीवरच्या एकाने प्रत्येकाचे हात बघत राहायचं, हात पाण्याबाहेर कमी यायला लागला आणि मान मागे गेली की न विचारता बोट जवळ न्यायची.