केराटोकोनस: दात्याच्या कॉर्नियाऐवजी कोलॅजेनचे रोपण चालेल का?

प्रश्न

माझ्या धाकट्या भावाला केराटोकोनस आहे. त्याचा कॉर्निया (डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा) पातळ होऊन शंकूसारखा पुढे आला आहे आणि आता कडक कॉन्टॅक्ट लेन्सही डोळ्यावर टिकत नाही. प्रतीक्षायादीत नाव असतानाच, डुकराच्या त्वचेतील कोलॅजेन या प्रथिनापासून बनवलेल्या रोपणाविषयी वाचनात आले. दात्याची वाट पाहणे थांबवावे का? आणि प्राण्यापासून घेतलेला पदार्थ शरीर नाकारणार नाही का?

पहिले उत्तर

हे संशोधन स्वीडनमधील लिंशोपिंग विद्यापीठाचे असून ते २०२२ मध्ये ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’त प्रसिद्ध झाले. भारत व इराणमधील २० रुग्णांवर शस्त्रक्रिया झाल्या. त्यांपैकी १४ जण आधी अंध होते आणि दोन वर्षांनंतर त्यांच्यापैकी एकही अंध राहिला नव्हता. या पद्धतीत रुग्णाचा कॉर्निया काढत नाहीत, तर त्याच्या मधल्या थरात लेसरने खिसा करून त्यात कोलॅजेनचा पारदर्शक तुकडा सरकवतात, त्यामुळे कॉर्निया जाड व सपाट होतो आणि टाकेही लागत नाहीत. कोलॅजेन शुद्ध केलेले असते, त्यात पेशी नसतात. म्हणूनच शरीराने ते नाकारण्याची भीती कमी असते आणि प्रतिकारशक्ती दाबणारे थेंब आठ आठवडे पुरले. तरीही रुग्ण केवळ वीस होते, त्यामुळे यादीतून नाव मुळीच काढू नका.

दुसरे उत्तर

एक भर घालतो. कॉर्नियातील पाणी बाहेर टाकून तो पारदर्शक ठेवणारा सर्वांत आतला थर निकामी झाला असेल, तर कोलॅजेनचा उपयोग नाही. त्यासाठी जपानमध्ये शिगेरू किनोशिता यांच्या गटाने प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी डोळ्यात टोचण्याची पद्धत विकसित केली. ११ रुग्णांवरील निष्कर्ष २०१८ मध्ये आले. मात्र त्या पेशीही दात्याच्याच कॉर्नियातून घेतात, म्हणजे नेत्रदान तिथेही लागतेच. एका दात्याच्या पेशी अनेकांना पुरतात, हा मला त्यातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो.

प्रश्नकर्ता

मनापासून आभार. आतला थर निरोगी आहे, पण कॉर्नियाच्या मधोमध व्रण (अपारदर्शक डाग) असल्याचे डॉक्टर म्हणाले.

पहिले उत्तर देणारे

मग हा मुद्दा निर्णायक ठरतो. मूळ कॉर्निया जागेवरच राहत असल्याने व्रणही दृष्टीच्या वाटेत तसाच राहील. आतला थर शाबूत ठेवून पुढचे थर बदलण्याची ‘डाल्क’ शस्त्रक्रिया त्याला करता येईल का, हे डॉक्टरांना अवश्य विचारा.