काइझर्सलाउटर्न १९९७-९८ : ‘नुकताच वर आलेला संघ’ हे वर्णन कितपत खरे?

मध्यरेषा यांचा प्रश्न

दुसऱ्या विभागातून बढती मिळवून लगेचच्या हंगामात बुंडेसलिगाचे, म्हणजे जर्मन फुटबॉलच्या पहिल्या विभागाचे, विजेतेपद पटकावणारा संघ आजवर एकच झाला आहे, तो म्हणजे १९९७-९८ चा काइझर्सलाउटर्न. या हंगामाची गोष्ट नेहमी चमत्कार म्हणूनच सांगितली जाते. सुमारे एक लाख वस्तीचे शहर, टेकडीवरचे मैदान आणि समोर बलाढ्य बायर्न म्युनिक, असा सगळा थाट असतो. मला मात्र या कथनाविषयी शंका आहे. १९५४ चा विश्वचषक जिंकणाऱ्या जर्मन संघात फ्रिट्झ वाल्टर यांच्यासह ज्या क्लबचे पाच खेळाडू अंतिम सामना खेळले, ज्याने १९९१ मध्ये बुंडेसलिगा जिंकली, त्याला ‘छोटा’ म्हणणे योग्य आहे का? आणि इतका चांगला संघ १९९६ मध्ये मुळात खाली गेलाच कसा? या हंगामाचा बारकाईने अभ्यास केलेल्यांनी कृपया लिहावे.

तळाचा तक्ता यांचे उत्तर

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर बरेचसे त्यातच दडलेले आहे. १९९५-९६ मध्ये काइझर्सलाउटर्नने ३४ पैकी केवळ १० सामने गमावले, पण जिंकले अवघे ६ आणि तब्बल १८ सामने बरोबरीत सोडवले. दुर्दैव असे की, विजयाला दोनऐवजी तीन गुण देण्याचा नियम बुंडेसलिगात नेमका त्याच हंगामापासून लागू झाला होता. नव्या हिशेबाने त्यांचे ३६ गुण झाले, तर ९ विजय, ११ बरोबरी आणि १४ पराभव अशी कामगिरी असलेल्या सेंट पाउलीचे ३८. जुन्या पद्धतीने मोजले असते, तर काइझर्सलाउटर्नचे ३० आणि सेंट पाउलीचे २९ गुण झाले असते आणि खाली जाण्याची वेळ सेंट पाउलीवर आली असती. थोडक्यात, हा संघ हरत नव्हता. त्याला जिंकता येत नव्हते, आणि नव्या नियमाने नेमकी त्याच दोषाची शिक्षा वाढवून ठेवली होती.

शेवटच्या दिवशी लेव्हरकुसेनमध्ये पावेल कुकाच्या गोलमुळे त्यांच्याकडे आघाडी होती. ८२ व्या मिनिटाला मार्कुस म्युंखने बरोबरी साधली आणि सगळे संपले. त्यानंतर लेव्हरकुसेनच्या रुडी फोलरच्या खांद्यावर डोके ठेवून रडणारा आंद्रेआस ब्रेमे अनेकांना आठवत असेल. १९९० च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात निर्णायक पेनल्टी मारणारा तोच हा ब्रेमे. आठवडाभरातच याच संघाने कार्ल्सरूहला १-० असे हरवून जर्मन चषक जिंकला. ब्रेमे, कुका, मिरोस्लाव काद्लेत्स, ओलाफ मार्शल हे सारे दुसऱ्या विभागातही संघासोबत राहिले. म्हणून ‘नुकताच वर आलेला संघ’ हे वर्णन कागदोपत्री खरे असले, तरी तेवढ्यावरून खरी कल्पना येत नाही.

बचावफळी यांचे उत्तर

वरील आकडेमोड मान्य आहे, परंतु संघ तोच राहिला म्हणून विजेता झाला, असा अर्थ त्यातून कोणी काढू नये. १९९६ च्या उन्हाळ्यात ओटो रेहागेल प्रशिक्षक म्हणून आले, ही घटना माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. वेर्डर ब्रेमेनमध्ये १४ वर्षे काढून, दोन वेळा बुंडेसलिगा जिंकून ते बायर्नकडे गेले होते आणि तिथे पहिला हंगाम संपायच्या आतच त्यांना काढून टाकण्यात आले होते. त्यांनी संघाला एका वर्षात वर आणले आणि मग इंटर मिलानकडून सिरियाको स्फोर्झाला परत बोलावले. तोही १९९५-९६ मध्ये बायर्नकडे खेळून आलेला. मधल्या फळीत चेंडू कधी रोखून धरायचा आणि कधी पुढे सोडायचा, हे ठरवणारा माणूस संघाला मिळाला, आणि पुढे मार्शलने त्या हंगामात २१ गोल केले. उल्फ किर्स्टनने २२ केले नसते, तर सर्वाधिक गोलांचा मानही मार्शलकडे गेला असता.

पहिल्याच दिवशी, २ ऑगस्ट १९९७ रोजी, सामना म्युनिकमध्ये बायर्नविरुद्ध होता. ८० व्या मिनिटाला स्फोर्झाच्या फ्री किकवर मिकाएल श्योनबेर्गने हेडर मारला आणि सामना १-० असा जिंकला गेला. चौथ्या फेरीत त्यांनी अव्वल स्थान घेतले ते अखेरपर्यंत सोडले नाही. ३४ फेऱ्यांच्या स्पर्धेत इतका काळ माथ्यावर टिकणे केवळ नशिबाने होत नाही.

मध्यरेषा

दोघांचेही आभार. अंतिम तक्ता पुन्हा पाहिला, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. काइझर्सलाउटर्नचे १९ विजय, ११ बरोबरी, ४ पराभव. बायर्नचे १९ विजय, ९ बरोबरी, ६ पराभव. ६८ विरुद्ध ६६ गुण. म्हणजे विजय समान आणि फरक केवळ दोन जास्तीच्या बरोबऱ्यांचा! ज्या सवयीने १९९६ मध्ये संघ बुडाला, तिनेच १९९८ मध्ये तारले, असे म्हणता येईल का?

तळाचा तक्ता

निरीक्षण सुंदर आहे, पण मी तसे म्हणणार नाही. डिसेंबरमध्ये आपल्या मैदानावरही त्यांनी बायर्नला २-० असे हरवले होते. ज्या म्युनिकच्या सामन्याचा उल्लेख वर झाला आहे, तो जर बरोबरीत सुटला असता, तर काइझर्सलाउटर्नचे ६६ आणि बायर्नचे ६७ गुण झाले असते. असे ‘जर-तर’ एका मर्यादेपलीकडे ताणू नये, कारण एक निकाल बदलला की पुढचा सारा खेळच बदलतो. तरीही बरोबरीवर समाधान न मानण्याची वृत्ती पहिल्या दिवशीच दिसली होती, एवढे यातून नक्की कळते.

बायर्नचा वाटाही विसरता येत नाही. मार्च १९९८ मध्ये शाल्केकडून हरल्यानंतर त्यांचे प्रशिक्षक जोव्हानी त्रापातोनी यांनी पत्रकारांसमोर आपल्याच खेळाडूंवर मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये जो राग काढला, तो विजेतेपदापेक्षाही जास्त गाजला. २ मे रोजी, ३३ व्या फेरीत, काइझर्सलाउटर्नने वोल्फ्सबुर्गला ४-० असे हरवले, बायर्नला डुइसबुर्गमध्ये गोल करता आला नाही आणि एक फेरी शिल्लक असतानाच निकाल लागला. ब्रेमेचा खेळाडू म्हणून हा शेवटचा हंगाम होता, तर त्याच वर्षी केम्निट्झहून आलेल्या आणि पुढे जर्मनीचा कर्णधार झालेल्या मिखाएल बालाकचा बुंडेसलिगातला पहिला.

बचावफळी

मूळ प्रश्नाकडे येतो. हा संघ केवळ आपल्या जागी परतला होता, असे मानले, तर पुढच्या वर्षीही तो तिथेच दिसायला हवा होता. १९९८-९९ मध्ये चॅम्पियन्स लीग या युरोपातील अव्वल क्लबांच्या स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत त्याच बायर्नने त्यांना ०-२ आणि ०-४ असे हरवले, आणि लीगच्या शेवटच्या दिवशी फ्रँकफुर्टकडून १-५ असा पराभव झाल्याने ते पाचव्या स्थानावर घसरले. माझ्या मते या संघाची खरी जागा पाचव्या स्थानाच्या आसपासचीच होती. ती काही छोट्या संघाची जागा नव्हे. पण तिथून पहिल्या क्रमांकावर जाण्यासाठी रेहागेल, स्फोर्झा आणि मार्शल हे तिघे एकाच वर्षी ऐन भरात असावे लागले.