आईच्या हिरडीलगतचा न दुखणारा पांढरा चट्टा

कऱ्हाडची लेक:
माझी आई ६२ वर्षांची असून गेली चाळीस वर्षे सकाळ-संध्याकाळ मिश्री लावते. तंबाखू ती घरीच तव्यावर काळी होईपर्यंत भाजते. दाढ दुखते म्हणून परवा बॅटरीच्या उजेडात तिचे तोंड पाहिले, तेव्हा खालच्या ओठाच्या आत, ती मिश्री ठेवते नेमक्या त्याच जागी, रुपयाएवढा पांढरा, सुरकुतलेला चट्टा दिसला. ओल्या फडक्याने पुसूनही तो निघाला नाही. आई म्हणते, ‘‘दुखत नाही, मग कशाला दाखवायचं?’’ असे चट्टे कितपत आढळतात आणि ते मिश्रीनेच होतात का?

दंतवैद्य, पुणे:
ताई, दुखत नाही म्हणूनच दाखवायला हवे. तोंड येते तेव्हा होणारे फोड अतिशय सर्रास असतात, ते झोंबतात आणि आठ-दहा दिवसांत बहुधा आपोआप बरे होतात. पुसून न निघणारा पांढरा चट्टा, म्हणजे ल्युकोप्लेकिया, मात्र गुपचूप वाढतो. तो प्रौढांपैकी शेकडा काही जणांतच आढळत असला, तरी आपल्याकडे तंबाखूचे प्रमाणच मोठे आहे: २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरणारे निघाले. तंबाखू जिथे ठेवली जाते तिथेच चट्टा उमटणे, हे आईंच्या बाबतीत फार बोलके आहे. विडी-सिगारेट, दारू आणि सुपारी हीही कारणे आहेत; तंबाखूला दारूची जोड मिळाली की धोका कितीतरी पटींनी वाढतो. प्रत्येक चट्ट्याचा कर्करोग होत नाही आणि मिश्री सोडल्यावर अनेकांचे चट्टे विरतातही. परंतु चट्ट्यात लालसरपणा, खडबडीतपणा किंवा जखम असेल, तर तुकडा काढून तपासण्यास विलंब करू नये.

नागपूरकर:
सुपारीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण ‘नुसती सुपारी, तंबाखू नाही’ असे समाधान आमच्याकडे फार ऐकू येते. सुपारी एकटीही कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केला आहे. माझा धाकटा भाऊ सात वर्षे खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेले मिश्रण, खात होता. आधी त्याला वरणातली मिरची झोंबू लागली, मग गालाची आतली बाजू पांढरट आणि ताठ झाली. आज त्याच्या तोंडात दोन बोटेही उभी जात नाहीत. खर्रा सुटला, पण ताठरपणा गेला नाही. २०१२ पासून राज्यात गुटख्यावर बंदी आहे, तरी पानठेल्यावर खर्रा डोळ्यांदेखत घोटून मिळतो, याचे मला मनापासून दुःख होते.

कऱ्हाडची लेक:
आपणा दोघांची मनःपूर्वक आभारी आहे. आज आईला दाखवून आणले. तुकडा तपासणीला दिला आहे. डॉक्टरांनी आरशात चट्टा दाखवल्यावर ती बराच वेळ गप्प होती. संध्याकाळी मावशी आली, तेव्हा आईनेच तिला खिडकीपाशी नेऊन ओठ खाली ओढायला लावला.