टेक्सास: पेशंट प्रायव्हसीची तक्रार झाली तर नर्सचं लायसन्स जातं का?

सिस्टर_डॅलस
नमस्कार मंडळी, मी डॅलसजवळ मेड-सर्जला (ऑपरेशन आणि औषधोपचाराच्या पेशंटचा वॉर्ड) आरएन, म्हणजे रजिस्टर्ड नर्स आहे. आमच्या मराठी मंडळातल्या एक काकू मध्यंतरी आमच्याच फ्लोअरवर होत्या, दोन रात्री माझ्याच असाइनमेंटला. नंतर गणपतीच्या मीटिंगला त्यांच्या ऑपरेशनचा विषय निघाला, कोणी काढला देव जाणे, आणि काकूंनी थेट हॉस्पिटलकडे तक्रार केली की मीच बाहेर फोडलं. अहो मी नवऱ्यालासुद्धा बोलले नाहीये! आता कम्प्लायन्सचं (नियम पाळले जातात का बघणाऱ्या विभागाचं) बोलावणं आलंय. हिपा (पेशंटची माहिती गुप्त ठेवायचा कायदा) मोडला म्हणून लायसन्स जातं का? काकूंना फोन करून समजावू का? झोप उडालीये नुसती.

ह्यूस्टनकर_आरएन
ताई, फोनचं आधी डोक्यातून काढा. तुम्ही साध्या मनाने कराल आणि उद्या काकू म्हणतील तक्रार मागे घे म्हणून दबाव आणला, म्हणजे नवीनच लचांड. आणि काकूंचा कम्प्युटरवरचा चार्टही आता उघडायचा नाही, "काय चार्टिंग केलं होतं बघू" म्हणूनसुद्धा नाही. कोणी उघडला, किती वाजता, कुठला स्क्रीन, सगळ्याची नोंद राहते. तुमच्या ड्युटीच्या वेळात औषधं, व्हायटल्स एवढंच उघडलेलं दिसलं तर डोकावल्याचा आरोप तिथेच गळतो. तोंडाने सांगितल्याचा आरोप मात्र त्या नोंदीवरून खोटा पाडता येत नाही, तिथे कोणी कोणाकडून ऐकलं हे बघावं लागतं.

कायद्याचा_किडा
दोन गोष्टींची गल्लत होतेय. हिपा हा 1996 चा फेडरल कायदा, त्याची तक्रार फेडरल सरकारच्या ऑफिस फॉर सिव्हिल राइट्सकडे जाते, कळल्यापासून 180 दिवसांत, आणि ती मुख्यतः हॉस्पिटलवर असते. ते ऑफिस लायसन्स काढत नाही. लायसन्स ऑस्टिनच्या बोर्ड ऑफ नर्सिंगच्या हातात, आणि पेशंटची माहिती जपणं त्यांच्या 217.11 नियमातच आहे, त्यामुळे हिपावाले गप्प बसले तरी बोर्ड विचारू शकतं. वॉर्निंग, रिप्रिमांड (ठपका), लायसन्सवर अटी, सस्पेन्शन, शेवटी रद्द, अशी उतरंड. माझ्या मते अशा ऐकीव तक्रारीत लायसन्सच्या आधी नोकरीची काळजी करा, कारण नियम मोडणाऱ्या स्टाफवर कारवाई करणं हॉस्पिटलला हिपाप्रमाणे भागच आहे. पण अटी लागल्या तर मल्टीस्टेट (अनेक राज्यांत चालणारं) लायसन्स जातं आणि फक्त टेक्सासपुरतं उरतं, ट्रॅव्हल नर्सिंग (वेगवेगळ्या राज्यांत थोड्या थोड्या काळाची नोकरी) करणाऱ्याचं त्यातच कंबरडं मोडतं. वर बोर्डाची पब्लिक ऑर्डर नर्सिसवर, म्हणजे नर्सांची लायसन्स तपासायच्या वेबसाइटवर, कोणालाही दिसते. बोर्डाचं पत्र आलंच तर स्वतः लांबलचक खुलासा पाठवू नका, आधी वकील. स्वतःची मालप्रॅक्टिस पॉलिसी (कामातल्या चुकांचा विमा) असेल तर उघडून बघा, बऱ्याचशांत लायसन्स डिफेन्सचा खर्च मिळतो.

पुरणपोळी_इन_प्लेनो
एक विचारू? काकू घरी आल्यावर मंडळात डब्यांची शीट (कोण कधी डबा देणार याची यादी) फिरली होती का? आमच्याकडे कोणी आजारी पडलं की पहिली तीच फिरते 😄

सिस्टर_डॅलस
अगं बाई! फिरली होती. आत्ता ग्रुपमध्ये वर जाऊन बघितलं, काकांनीच लिहिलंय "हिचं ऑपरेशन झालंय, आठवडाभर मऊ भात आणि बिनतिखट भाजी चालेल", खाली कोणतं ऑपरेशन तेही. मीटिंगच्या चार दिवस आधीचा मेसेज आहे. हा ग्रुपवरच टाकू का सगळ्यांना दिसेल असा?

ह्यूस्टनकर_आरएन
अजिबात नको!! काकांना हिपा लागू नाही, तुम्हाला आहे, तुम्ही तो मेसेज पुढे ढकललात तर नर्सनेच ऑपरेशनची चर्चा केली असं होईल. तारखेसकट स्क्रीनशॉट काढा, कम्प्लायन्सच्या मीटिंगला तेवढाच न्या, आणि मीटिंगमध्ये काय बोलणं झालं ते त्याच दिवशी स्वतःसाठी लिहून ठेवा, पेशंटचं नाव न घालता.